एकतिसावा टॅग

इकबालभाई, गेल्या सोमवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी कसबा बावड्यातल्या तुमच्या घरी तुमचं निधन झालं. कारण हृदयविकाराचा झटका. दफन त्याच दिवशी दुपारच्या नमाजानंतर झालं. मी तिथं होतो.

फोन आल्यावर मी पहिली गोष्ट काय केली, ती ऐकून तुम्ही हसला असता. भाभींच्या भावाचा फोन ठेवला आणि तुमच्या शेजाऱ्यांना लावला, बातमी खरी आहे का विचारायला. दोन ठिकाणांहून कळल्याशिवाय मी काही खरं धरत नाही. या सवयीवरून तुम्ही मला अठरा वर्षं छळलंत. "बायकोनं चहा दिला तरी दुसऱ्याला इचारत असतासा की, ह्यो चहाच हाय न्हवं म्हणून." ओळख झाली त्या दिवशी मला पावणं म्हणालात, ते शेवटपर्यंत पावणंच. नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही.

तुमची नोकरी, बदल्या, मिळालेली पदकं हे सगळं आमच्या पेपरात आलं आहे. ती बातमी मी लिहिली नाही, मागितलीही नाही. मला एकच गोष्ट लिहायची आहे आणि ती दोन वर्षांपूर्वी लिहायला हवी होती. पण ती कुणाला कळायची असेल तर तुमचं काम आधी सांगावं लागेल. विमानतळावरच्या फायर स्टेशनचा प्रमुख दिवसभर काय करतो, हे आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांना माहीत आहे.

आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा विमानतळावर विमान नव्हतं. आठवडेच्या आठवडे येत नव्हतं. तरी तुमच्या स्टेशनात रोज सकाळी घंटा वाजायची, आठ माणसं बुटांत पाय घालून पळायची, फोमची मोठी गाडी धावपट्टीच्या टोकापर्यंत जाऊन फवारा मारून परत यायची. माळ सपाट, वारा एकसारखा, आणि टिटव्यांशिवाय बघायला कुणी नाही. मी थट्टेचा मजकूर लिहायला आलो होतो. तुम्ही मला गाडीत बसवलं, दार लावलं आणि चालकाला म्हणालात, "पळीव." टोकाला पोचल्यावर घड्याळ माझ्यापुढं धरलंत. एक मिनिट चव्वेचाळीस सेकंद.

"कुणासाठी?" मी विचारलं.

"त्यो येईल तवा कळंल की."

तो मजकूर मी लिहिला नाही. तेव्हा तुम्ही पहिल्या गाडीत, चालकाशेजारी बसायचा. प्रमुखानं सगळ्यांत पुढं असायचं आणि सगळ्यांत आधी उतरायचं, हे तुम्हाला शिकवलेलं होतं.

मग रोज विमानं येऊ लागली. पुढं मोठी येऊ लागली. नियम बदलले आणि नियमांबरोबर तुमची जागा बदलली. प्रमुखानं गाडीत बसायचं नाही. मागं थांबायचं, लांबून दिसेल असं जाकीट घालायचं, टेबल मांडायचं, आणि मोजायचं. विमानात किती जण आहेत तो आकडा टॉवर देतो. तो फळ्यावर लिहायचा. बाहेर काढलेल्या प्रत्येकाच्या मनगटाला टॅग बांधायचा: लाल म्हणजे तातडीचा, पिवळा म्हणजे थांबू शकेल असा, हिरवा म्हणजे चालता येणारा, काळा म्हणजे गेलेला. प्रत्येक टॅगला खाली फाडून घ्यायची पट्टी असते. ती प्रमुखाच्या खिशात. शेवटी पट्ट्या आणि फळ्यावरचा आकडा जुळला पाहिजे. बाकीचे दिवस तपासणीचे तक्ते, प्रशिक्षणाची रजिस्टरं, जोखमीचे अहवाल.

"फायरवाला हाय मी, तलाठी न्हाय," असं तुम्ही त्या वर्षी मला किमान दहा वेळा ऐकवलंत. "साहेब म्हणत्यात, आग लांबनं बघायची. आग काय पिक्चर हाय व्हय लांबनं बघायला?"

कुंपणाबाहेर उसाचा फड पेटला तो दिवस त्यानंतरचा. ऊस दोन दिवसांत बिद्रीच्या कारखान्याला जायचा होता. ज्याचा फड होता तो माणूस तारेला धरून तुम्हाला शिव्या देत होता. तुमच्या दोन्ही गाड्या भरलेल्या, इंजिन चालू. विमान वीस मिनिटांवर. गाड्या बाहेर गेल्या असत्या तर विमानाला उतरता आलं नसतं. तुम्ही गाडी सोडली नाही. बाहेरून बंब येईपर्यंत अर्ध्याहून जास्त फड गेला. मी ते तसंच छापलं, तुमच्या नावानिशी. दुसऱ्या दिवशी भीत भीत स्टेशनवर आलो तर तुम्ही चहा सांगितलात.

"राग कशाचा? खरं हाय त्ये छापलासा. पंधरा वर्सांमागचा मी असतो तर तार तोडून गेलो असतो. आता ह्या खुर्चीनं न्हाय म्हणायला शिकिवलंय." मग म्हणालात, "शिव्या बाकी झ्याक देत हुता. दोन मला नव्या हुत्या."

तोंडानं कुरकुरत असलात तरी मोजण्याचं काम तुम्ही इतकं मनावर का घेत होता, ते मला मुरगूडला कळलं. तुमच्या भावाच्या घरी ईदेचं जेवण झालं होतं आणि आपण ओट्यावर बसलो होतो. तुम्ही सांगितलेलं मी जसंच्या तसं लिहितो, मात्र हे मी पडताळलेलं नाही. नोकरीच्या सुरुवातीला दुसऱ्या एका शहरात मालाच्या गोदामाला आग लागली. आत सात जण आहेत, असं मुकादमानं सांगितलं. सात बाहेर काढले. आग विझली, पाईप गुंडाळले. दुसऱ्या दिवशी राख उपसताना आठवा सापडला. तो कामगार नव्हता. भावाला भेटायला आला होता आणि पोत्यांच्या मागं झोपला होता. यादीत नव्हता, म्हणून कुणी शोधला नाही.

"त्यो हाका मारत असंल, पावणं. आमी पाईप गुंडाळत हुतो."

 तुमच्या पुतणीनं शिरखुर्म्याची वाटी पुन्हा भरली, ती तुम्ही तशीच बाजूला ठेवलीत.

आता तो दिवस. दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी, सकाळचे अकरा. मोठी मॉक ड्रिल. तुमच्या निवृत्तीला चार महिने होते आणि ही तुमची शेवटची ड्रिल होती. विमानाऐवजी धावपट्टीलगतच्या गवतात एक जुनी बस उभी केली होती. तिच्या पुढं लोखंडी ट्रेमध्ये डिझेल पेटवलं. जखमी म्हणून नर्सिंग कॉलेजच्या मुली आणि होमगार्डचे जवान, मिळून तीस जण. सगळ्यांच्या अंगाला लाल रंग फासलेला. जमेल तेवढ्या जोरानं ओरडायचं, असं त्यांना सांगितलं होतं. आग विझल्याची शिट्टी वाजली की गप्प व्हायचं.

पत्रकारांना दोरीच्या मागं उभं केलं होतं. मी डावीकडून दुसरा. तुमचं टेबल माझ्यापासून वीस पावलांवर.

मुली आधी ओरडताना हसत होत्या. धूर वाढल्यावर हसणं थांबलं. तीस माणसं एकाच वेळी ओरडतात तेव्हा काही वेळानं शब्द उरत नाहीत, नुसता आवाज राहतो. तो अकरा मिनिटं चालला. मग शिट्टी वाजली आणि तो एकदम बंद झाला. ट्रेमधलं पाणी चरचरत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

आणि एक आवाज चालू राहिला. मोठा नव्हता. "हितं हाय. हितं हाय मी."

तुम्ही वळलात. मीही वळलो. बसच्या मागच्या चाकापासून थोड्या अंतरावर गवतात एक म्हातारा बसला होता. सत्तरीचा असेल. पांढरा सदरा, धोतर, पाय अनवाणी. दोन्ही कानांत कापूस. इतर तीस जणांच्या अंगावर लाल रंग होता, त्याच्या अंगावर नव्हता. तुम्ही त्याच्याजवळ गेलात, वाकलात, नाडी पाहिलीत, पिवळा टॅग मनगटाला बांधलात, पट्टी फाडून खिशात टाकलीत. त्यानं तुमच्याकडं बघून विचारलं, "मला मोजलंसा न्हवं?"

"मोजलं, काका. एकतीस."

हे मी पाहिलं आणि ऐकलं. त्याच क्षणी आमच्या फोटोग्राफरनं हाक मारली, "सर, साहेब बोलतायत, या लवकर." मी पाठ फिरवली. विमानतळाचे मोठे साहेब दोन मिनिटं बोलले. ड्रिल समाधानकारक झाली, तीस जखमींना बाहेर काढलं, असं ते म्हणाले. मी परत वळलो तेव्हा तुम्ही टेबलाशी होता आणि चाकाजवळ कुणी नव्हतं. दोरी काढल्यावर मी तिथं जाऊन आलो. गवत दबलेलं होतं. पण तीस माणसं त्या गवतात लोळली होती. दबलेल्या गवतावरून काही सिद्ध होत नाही.

नाश्त्याची तीस पाकिटं आणली होती, तीस संपली. तुम्ही पाकिटांच्या टेबलापाशी उभे राहून प्रत्येकाचं मनगट बघत होता. मुलींना ते विचित्र वाटलं. एक म्हणाली, "सर, दोन न्हाई घेतली ओ मी." सगळ्या हसल्या. तुम्ही हसला नाहीत. पाकिटं संपल्यावर तुम्ही पट्ट्या टेबलावर मांडल्यात. एकतीस होत्या. पुन्हा मांडल्यात. एकतीस.

फाटकावरच्या रजिस्टरात तीस आत, तीस बाहेर. कुंपणाला कुठं भगदाड असेल म्हणून तुम्ही उन्हात अख्ख्या आवाराला फेरी मारलीत. कुंपण धड होतं. रुग्णवाहिकांच्या चालकांनी धोतरातला कुणी नेला नव्हता. आमच्या फोटोग्राफरनं चौसष्ट फोटो काढले होते. एकात तुम्ही वाकलेले दिसता आणि तुम्ही ज्याच्यावर वाकला आहात त्या जागी एका मुलीचे गुडघे आडवे आले आहेत.

त्या संध्याकाळी मी बातमी लिहिली. दोन अधिकाऱ्यांकडून खात्री करून आकडा टाकला: तीस.

चौकशी बसली. प्रश्न सरळ होता. तीसवर सही केलीत तर विषय मिटत होता आणि तुम्ही डाग न लागता निवृत्त होत होता. एकतीसवर अडून राहिलात तर दोनच अर्थ निघत होते. एक तर बंद आवारात अनोळखी माणूस शिरला आणि फाटकावरच्या कुणाची तरी नोकरी जाणार, नाहीतर विमानतळाच्या फायर प्रमुखाला माणसं मोजता येत नाहीत. चौकशीवाल्यांनी तुम्हाला तिसरी वाट काढून दिली होती. हाताला घाम असला की पट्ट्या एकमेकींना चिकटतात आणि दोन एकदम फाटतात. तुमच्या खात्यात ही चूक सगळ्यांकडून होते. प्रशिक्षणात तुम्ही स्वतः तिच्यापासून जपायला शिकवत होता. तेवढं लिहून द्या, म्हणाले.

तुम्ही मला सांगितलेलं तुमचं उत्तर असं होतं: "पट्टी चुकून फाटली, तर वरचा टॅग माझ्यापाशी ऱ्हायला पायजे. चाळीस हुते. तीस बांधले, नऊ उरले. एक कुटं गेला?"

"हरवला असेल," मी म्हणालो.

"व्हय. हरवला असंल." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "टॅग न्हवं, माणूस. माझ्याच तोंडचा शबूद तुमास्नी घावला की."

हे बोलणं विमानतळाच्या रस्त्यावरच्या टपरीवर झालं, ड्रिलनंतर पाचव्या दिवशी. चहा आला. तुम्ही इकडचं तिकडचं बोललात, पुतणीच्या लग्नाचं, गुडघ्याचं. मग मान वर न करता विचारलंत, "तुमी काय बघितलासा त्या दिवशी?"

मी म्हणालो, "मी मोजत नव्हतो, इकबालभाई."

"बरं," तुम्ही म्हणालात.

या एका वाक्यासाठी मी हे लिहितो आहे. ते खोटं नव्हतं. मी मोजत नव्हतो. तुम्ही विचारलं होतं ते वेगळं, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी त्याला पाहिलं होतं. त्याचा प्रश्न ऐकला होता. पण मला दुजोरा नव्हता, आणि दुजोऱ्याशिवाय मी लिहीत नाही. मला दुजोरा देऊ शकणारे एकटे तुम्ही होता आणि तुम्हाला देऊ शकणारा एकटा मी. हा हिशेब मला तेव्हाही करता येत होता. दुसरंही कारण होतं. बंद आवारात, कानांत कापूस घातलेला, कुठून आला नाही आणि कुठं गेला नाही असा माणूस मी छापला असता तर ऑफिसात हसले असते. तीस वर्षांत माझ्या बातमीवर कुणी हसलेलं नाही.

तुमच्या अहवालावर 'मोजणीत चूक' असा शेरा आला. उरलेल्या चार महिन्यांत तुम्हाला टेबलाशी बसवलं नाही. आतल्या खोलीत जुनी प्रशिक्षणाची रजिस्टरं तपासायला दिली. तुम्ही ती मन लावून तपासलीत. रोज सकाळच्या फेरीच्या गाडीतून मात्र जात राहिलात, आणि चालकानं मला सांगितलं की बस उभी होती त्या जागी तुम्ही काच खाली करायचा, थोडं ऐकायचा आणि म्हणायचा, "चल."

निवृत्तीनंतर तुम्ही बावड्यात राहायला आलात. दुपारचं विमान गेलं की अधूनमधून फोन यायचा.

"पावणं, घरी पोचला का हो त्यो?"

"कोण?"

"व्हय की. तुमास्नी म्हाईतच न्हाय."

मग तुम्ही दुसरं काही बोलायचा. राजकारण, कारखान्याची निवडणूक, माझी साखर. एकदा सांगितलंत की माळाच्या पलीकडच्या वस्त्यांवर तुम्ही वर्णन घेऊन फिरताय. एका घरी म्हातारीनं दार उघडलं, सदरा, धोतर, कानातला कापूस इथपर्यंत शांतपणे ऐकलं आणि एक शब्द न बोलता दार लावलं. तुम्ही दोनदा कडी वाजवलीत. आतून भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे ती आत होती. तिनं उघडलं नाही. हेही तुमचंच सांगणं आहे. "चला, दाखवतो घर," तुम्ही म्हणालात. मी सवडीनं जाऊ म्हणालो. सवड मी काढली नाही आणि ते घर कोणतं, हे आता सांगणारं कुणी नाही.

तुमचे उपकार मानायचे राहिले, तेही लिहून ठेवतो. आग लागल्यावर माणसं कशी वागतात, पळताना कोण मागं वळून बघतं, धुरात दार शोधायचं तर हात कुठं ठेवायचा, हे मला तुमच्याकडून कळलं. माझ्या मुलीच्या हॉस्टेलात शॉर्टसर्किटनं धूर झाला तेव्हा ती तुम्ही सांगितल्याप्रमाणे जमिनीलगत, भिंतीला हात लावून बाहेर आली. बाहेर आल्यावर तिनं आधी मैत्रिणी मोजल्या. ती मला म्हणाली, "काकांनी सांगितलंवतं, आधी मोज, मग रड." तुम्हाला हे फोनवर कळवलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "किती भरल्या मग?"

सोमवारी, चेहरा दाखवला तेव्हा मी रांगेत होतो. तुमच्या दोन्ही कानांत कापूस होता. अशी रीत असते, हे मला माहीत आहे.

बुधवारी मी भाभींना भेटायला गेलो. शाहीनभाभी तुमच्याइतक्याच रोखठोक आहेत. चहा पुढं ठेवला आणि म्हणाल्या, "त्यांचं येवढं येक काम का न्हाय केलासा, भाऊ?"

"कुठलं काम?"

"मला काय म्हाईत. म्हणायचे, पावण्याकडं माझं येक काम ऱ्हायलंय. मी म्हणायची, मग मागून घ्या की. तर म्हणायचे, मागितल्यावर केलं तर त्ये काम हुईत न्हाय."

गुरुवारी सकाळी मी स्टेशनवर गेलो. तुमच्या खुर्चीवर आता कांबळे मॅडम आहेत. ड्रिलच्या दिवशी त्या तुमच्या हाताखाली फळ्यावर आकडे लिहीत होत्या. टेबलावर दोन पडदे आहेत, गाड्यांतलं पाणी आणि फोम किती ते बसल्या जागी दिसतं. फळा गेला. टॅग राहिले.

"या, बसा," त्या म्हणाल्या. "सर म्हणायचे तुमी येशीला. मी म्हणायची, न्हाय यायचे. माझी पैज हरली."

त्यांनी कपाटातून फाईल काढली. वर अधिकृत अहवाल: तीस. त्याच्या मागं तुमच्या अक्षरातलं जोडपत्र, ड्रिलच्या दिवशीची तारीख. एकतिसाव्या माणसाचं वर्णन. खाली साक्षीदार असा रकाना. त्यात माझं पूर्ण नाव. कधी न उच्चारलेलं नाव तुम्ही तिथं लिहिलं होतं, बिनचूक. पुढं, 'पत्रकारांची जागा, डावीकडून दुसरे. यांनी पाहिले.' आणि सहीसाठी सोडलेली मोकळी ओळ.

"चौकशीवाले आठ दिवस थांबलेवते," मॅडम म्हणाल्या. "साक्षीदाराची सही आणा, आकडा मान्य करतो, म्हणाले. मी फोन लावत होते तुमास्नी. सरांनी हातातनं फोन काढून घेतला. म्हणाले, बघितलंय त्येनं. त्यो आपणहून येईल."

टपरीवरचा चहा त्याच आठ दिवसांत झाला होता.

"आता सही केली तर चालेल?"

"शेरा निघायचा न्हाय. सरच ऱ्हायले न्हाईत." त्यांनी पेन पुढं केलं. "पण जोडपत्र कुणी बंद केलेलं न्हाय. माझ्याआधीच्यांनी केलं न्हाय, मीबी केलं न्हाय. मोजणी जुळल्याशिवाय कागद बंद करायचा न्हाय, हे सरांनीच शिकिवलंय."

मी जोडपत्र वाचलं. पांढरा सदरा. धोतर. अनवाणी. दोन्ही कानांत कापूस. अंगावर रंग नाही. नाडी लागत नव्हती, पण बोलत होता, म्हणून पिवळा टॅग. 'मला मोजलंसा न्हवं' हा प्रश्न. तुमचं उत्तर. त्यानंतर आणखी एक ओळ होती. ती मला माहीत नव्हती, कारण तोवर मी पाठ फिरवली होती. 'यावर सदर इसमाने मला विचारले: आन् तुमास्नी कुणी मोजलं? मी उत्तर दिले नाही. टेबलाकडे जाऊन वळून पाहिले असता इसम जागेवर नव्हता.'

"हे तुम्हाला ठाऊक होतं?" मी मॅडमना विचारलं.

"वाचलंय."

"यावर काही विचारलंत त्यांना?"

"इचारलं की. म्हणाले, कांबळे, त्ये बरोबर इचारत हुते."

बाहेर सकाळच्या चाचणीची घंटा वाजली. बूट धावले, गाडी सुटली. मॅडमनी घड्याळाकडं पाहिलं आणि आकडा लिहून घेतला.

मी मोकळ्या ओळीवर लिहिलं: 'नाडीची नोंद, शेवटची दोन वाक्ये व त्यांआधीचा प्रश्न वगळता वरील सर्व मी स्वतः पाहिले व ऐकले.' खाली सही केली, तारीख घातली. मॅडमनी शेजारी सही केली आणि स्टेशनच्या रोजच्या नोंदवहीत एक ओळ लिहिली. मी ती उतरवून घेतली आहे: आत आलेले तीस, बाहेर गेलेले तीस, मोजलेले एकतीस, साक्षीदार एक. वेळ अकरा वाजून पाच मिनिटे. एकतिसाव्या माणसाच्या नावाचा रकाना रिकामा आहे.